नववा दिवस

परीक्षक म्हणून बोलावलं तेव्हा
मी आधी विचारलं, गाडी लावायला जागा आहे का.
येरवड्याची शाळा, डिसेंबरचा शनिवार,
छातीवर कागदी फुलाचा बिल्ला,
त्यावर माझ्या आडनावातला 'ळ' चुकलेला.

हॉलमध्ये एकाच वेळी तीन ज्वालामुखी जागे,
व्हिनेगरचा वास थेट जिन्यापर्यंत.
स्मार्ट कचरापेटी हात दाखवला की तोंड उघडायची.
तिच्यामागे उभे असलेले वडीलही तसेच,
मुलाला प्रश्न विचारला की.

शेवटच्या बाकावर, पंख्याच्या बटणांखाली,
एक माठ.
थर्माकोल नाही, दिवे नाहीत,
पाटी बिस्किटांच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर.
तेजल वाघचौरे, सातवी ब.
पाठ केलेलं भाषण तिने सुरू केलं, "आदरणीय परीक्षक",
आणि माठाला हात लागताच विसरली.
मग बोलायला लागली.

मे महिन्याचे एकतीस दिवस.
रोज दुपारी दोनला, शाळेचा थर्मामीटर दोऱ्याने आत सोडून.
चौकटीची वही, आकडे शिस्तीत :
चोवीस, पंचवीस, चोवीस, साडेचोवीस.
नववा दिवस : एकतीस.
पुढे पेन्सिलीने, बारीक,
का ते कळलं नाही. बाई म्हणाल्या खोड.
मी नाही खोडलं.

बाई शेजारीच उभ्या होत्या. छताकडे बघत.

भोसरीत सत्तावीस वर्षं मी मापांची मापं काढते.
बारा महिने वीस अंशांची खोली, पांढरे हातमोजे;
मिलिमीटर हा शब्द आमच्यात ढोबळ समजतात.
नोकरीच्या दुसऱ्या वर्षी एका गेजची वीस रीडिंग्ज,
त्यातलं चौदावं उडालेलं.
साहेब म्हणाले, हात हलला असेल तुमचा.
हात हलला नव्हता.
मी एकोणिसांच्या ओळीत बसेल असा आकडा लिहिला,
सही केली, चहा प्यायले.
काही कोसळलं नाही. कुणाला खरचटलंही नाही.
ते गेज कुठल्या कारखान्यात गेलं, आठवत नाही.
आकडा आठवतो.

"तुम्हाला माहितीये का, असं का झालं?" तेजलने विचारलं.
तीन कारणं जिभेवर होती.
हवा दमट असेल. कुणी नुकताच भरला असेल.
थर्मामीटरमधला पारा मध्येच तुटला असेल.
तिन्ही अंदाजच.
नाही, म्हटलं.
तिने पेन्सिल घेतली, माझ्यासमोरच लिहिलं :
परीक्षकांनाही माहीत नाही.
खाली तारीख घातली.

दुपारी स्टाफरूममध्ये बेरजा.
निष्कर्ष, दहापैकी : देवस्थळी सर तीन, मुनोत मॅडम चार,
मी नऊ.
"तुमचा आकडा जरा उडालाय,"
सर सौम्यपणे म्हणाले, खोडरबर पुढे सरकवत,
"सहा करू या का? बरं दिसेल."
राहू द्या, म्हटलं. शेऱ्यात लिहा हवं तर.
शेऱ्यासाठी रकाना नव्हता.

पहिली आली कचरापेटी.
तेजलचं नाव उत्तेजनार्थातही नाही.
सगळ्यांसोबत तिने टाळ्या वाजवल्या,
माठातलं पाणी व्हरांड्यातल्या कुंडीला घातलं,
रिकामा माठ कमरेवर घेतला, वही दातांत धरली
आणि फाटकाबाहेर गेली.

मला एक नारळ मिळाला.
होळकर पुलावर तो डिकीत गडगडत होता.
पुढच्या सिग्नलला हिरवा लागला तरी मी उभी,
मागून हॉर्नवर हॉर्न :
नऊ मेला, दुपारी दोनच्या आधी,
कोण आलं असेल त्या माठापाशी?